टकळीचा पॅड सातासमुद्रापार

मी एक परीक्षेचा पॅड बोलतोय. तपकिरी चौकोनी फळी आणि माथ्यावर लोखंडी चाप, एवढाच माझा देह. लाकडाचा भुसा दाबून मला घडवलं. म्हणजे जातीने मी केरच. पण पाठीवर पाढे छापले की भुसासुद्धा विद्वान दिसायला लागतो.

मला विकत घेतलं एका आत्याने, भाचीच्या शाळेतल्या शेवटच्या परीक्षेसाठी. आत्या दवाखान्यात परिचारिका होती, आणि भाची भलतीच बोलकी. डोळे उघडले की तोंड सुरू, म्हणून घरात तिचं नावच पडलं होतं टकळी. दुकानात आत्याने माझा चाप दोनदा उघडून पाहिला आणि विचारलं, "हिच्या तोंडाला बसेल असा एखादा चाप आहे का हो तुमच्याकडे?" दुकानदार हसला. टकळी त्याच्याहून मोठ्याने हसली.

शाळा संपली. टकळीलाही आत्यासारखंच परिचारिका व्हायचं होतं. दूरच्या एका देशात त्या शिक्षणासाठी मुली घेत होते. भाषा येत नसली तरी चालेल, इथे आल्यावर शिका, असं पत्र आलं. घरात आठ दिवस बॅगा भरणं चाललं होतं. मला कपड्यांच्या तळाशी सरकवताना आईने पाहिलं.

"अगं, तिकडे काय पॅड मिळत नाहीत?"

"मिळतील गं. पण त्यांना माझ्या अक्षराची सवय नसेल ना!"

तिथे सकाळी भाषेचा वर्ग असे आणि दुपारी दवाखान्यात काम. मलाही त्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. ती शिकेल तसा तिच्या कागदांवरून मी शिकत होतो. पण खरं सांगतो, पहिल्या आठवड्यातच टकळी बंद पडली. चूक होईल, लोक हसतील, या भीतीने ती नुसती मान डोलवायची. एकच शब्द तिला पक्का येत होता: 'हो'. खोली आवडली का? हो. थंडी वाजते का? हो. नाव काय तुझं? हो.

तिसऱ्या महिन्यात ते अंगाशी आलं. पाच नंबरच्या खोलीतल्या आजोबांचं दुपारी ऑपरेशन होतं. सकाळी मोठ्या बाईंनी, म्हणजे वॉर्डच्या मुख्य परिचारिकेने, काहीतरी बजावलं. टकळी म्हणाली, हो. थोड्या वेळाने आजोबांनी अंगठा तोंडाकडे नेऊन पाण्याची खूण केली. टकळीने पाठीशी उशी लावली आणि मोठ्या मायेने अख्खा पेला पाजला. त्यांना पाणी द्यायचं नाही, हेच तर बाईंनी बजावलं होतं! ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. मोठ्या बाईंनी तिला समोर बसवलं आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, "मी सकाळी सांगितलं, ते तुला कळलं होतं?"

"हो," सवयीने तिच्या तोंडून निघालं. मग तिने मला छातीशी घट्ट धरलं आणि मान खाली घातली. "नाही."

"हे 'नाही' सकाळी हवं होतं. आजोबा बरे आहेत, पण उद्या दुसरं कुणी इतकं सुदैवी नसेल. वर्षाअखेरची परीक्षा तोंडी असते. हेच चालू राहिलं तर मी तुला बसू देणार नाही. आणि परीक्षा नाही तर पुढचं वर्षही नाही."

टकळीने आत्याला फोन लावला आणि रडत सगळं सांगितलं. आत्याने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "इथे बोलून बोलून आमचे कान किटवलेस, आणि तिकडे हो-हो करत बसलीस होय? हसले लोक तर हसू देत. परिचारिकेने लाजून चालत नाही बाई. त्या लाजेचा भुर्दंड पेशंटला पडतो."

दुसऱ्या दिवशी माझ्या चापात एक कोरा कागद आला. त्यावर त्या देशाच्या लिपीत एकच वाक्य ठळक लिहिलं होतं: 'कळलं नाही. सावकाश, पुन्हा सांगा.'

ते वाक्य ती दिवसातून चाळीस वेळा म्हणायची. सफाईवाल्या मावशी कपाळाला हात लावत. एक डॉक्टर तर तिला लांबून बघून जिना बदलायचा. खूश झाल्या त्या फक्त नऊ नंबरच्या आजी. पाय मोडून पडलेल्या, निवृत्त शिक्षिका.

"माझ्या अख्ख्या नोकरीत वर्गात इतक्या वेळा 'कळलं नाही' म्हणणारी मुलगी मिळाली नाही! बस इथे."

चूक झाली की आजी पेन्सिलीने माझ्यावर टोला हाणत. ते खळगे अजून आहेत, बोट फिरवून बघा. शब्द पाठ करवणं त्यांना मंजूर नव्हतं. "माझ्याशी भांड," म्हणायच्या. "मी गोळी घेणार नाही. पटव मला!"

दोन दिवस टकळी हरली. तिसऱ्या दिवशी मात्र ती जी सुटली! पुल्लिंगाचं स्त्रीलिंग झालं, कालची गोष्ट उद्यावर गेली, पण पाव तास ती थांबली नाही. आजींनी गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "पुरे गं पुरे! डोकं उठवलंस!"

मी शहारलो. भाषा परकी होती, पण सूर अगदी घरचा होता.

मोठ्या बाईंनी तिला परीक्षेला बसवलं. समोर तीन परीक्षक आणि पलंगावर खरीखुरी पेशंट, एक बारीक चणीच्या बाई. टकळीने मला सरसावलं, तर परीक्षक म्हणाले, "ते ठेवा तिकडे. इथे लिहायचं नसतं." आयुष्यात पहिल्यांदा मी परीक्षा खिडकीच्या कट्ट्यावरून पाहिली.

एका परीक्षकाने औषधाचं प्रमाण घडाघडा सांगितलं.

"कळलं नाही. सावकाश, पुन्हा सांगा."

त्यांनी कपाळाला आठी घातली आणि तेच पुन्हा सांगितलं.

"आता आकडा कळला," टकळी म्हणाली, "पण या ताईंच्या वजनाला तो जास्त आहे. डॉक्टरांनी लिहिलेला कागद बघितल्याशिवाय मी औषध देणार नाही."

मग परीक्षकांची आठी विरघळली. "आम्ही आकडा मुद्दाम चुकीचा सांगितला होता. तुमच्या आधी चार जणी आल्या. चौघी इथल्याच, याच भाषेत वाढलेल्या. चौघींनी नुसती मान डोलवली."

त्या वर्षी तिचा पहिला नंबर आला! नऊ नंबरच्या आजी काठी टेकत निकाल ऐकायला आल्या आणि व्हरांड्यात भेटेल त्याला सांगत सुटल्या, "माझी विद्यार्थिनी!"

याला आता सहा वर्षं झाली. माझा एक कोपरा झिजलाय, चाप ढिला पडलाय, पाठीवरचे पाढे सतराच्या पुढे पुसले गेलेत. टकळी आता त्याच वॉर्डची मोठी बाई आहे. आज सकाळी तिने अठरा पेशंटची हकिकत तोंडपाठ सांगितली. कुणाला काय दुखतंय, कुणाचा मुलगा भेटायला आला नाही, सगळं. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. उलट बोलता बोलता माझ्यावर चहाचा कप ठेवला.

वाईट वाटलं? छे! तिला माझी गरज उरली नाही, याहून मोठा मान पॅडला कुठला मिळायचा? माझं मागणं एवढंच आहे, चहा सांडलाच तर लगेच पुसा. अभिमानाने मी आधीच इतका फुगलोय, की पाण्याने फुगायला अंगात आता जागाच नाही.