खिडकीतली लाल रिबीन

जेवणाच्या सुट्टीत मोठीचा डबा एकाच हाताने संपायचा, कारण दुसरा हात माउसवर असायचा. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. यंत्राची घरघर ऐकून डोकं भणभणलं की काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर तिचे ते खोलीतून सुटायचे खेळ सुरू. उशी उचल, खण उघड, किल्ली शोध, दार उघड. मारामारी नाही, पळापळ नाही.

"एवढी दारं उघडायची हौस आहे, तर सकाळी शटर तूच उघडत जा," फौजदार म्हणायचा. फौजदार म्हणजे दुकानातला विक्रेता. पोलिसांशी त्याचा संबंध मिशांपुरता.

यातले बरेच खेळ तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा घरी बसून बनवायचा. कोडी त्याची, चित्रं धाकटीची. नवा खेळ आला की त्याचा निरोप यायचा, "ताई, बघा जमतंय का." बोलायला फार गोड. पण अलीकडे धाकटीचा फोनही तोच उचलायचा. ती झोपलीय, आंघोळीला गेलीय, कामात आहे. मोठीला खटकायचं, पण नवरा-बायकोच्या मध्ये आपण कशाला पडा, म्हणून गप्प बसायची.

त्या दुपारी तिने नवा खेळ उघडला आणि घास हातातच राहिला. पडद्यावर धाकटीच्या घरातला बोळ होता. तीच कोपरा उडालेली फरशी, तोच एका बाजूला कललेला चपलांचा स्टँड. टोकाला मागच्या खोलीचं दार, आणि दाराला बाहेरून जाडजूड कडी. नवीकोरी. मागच्या खेपेला मोठी गेली होती तेव्हा तिथे कडीबिडी काही नव्हती. आणि धाकटीला मनाने काही काढताच यायचं नाही. लहानपणी मांजर काढायचं तर मांजर समोर लागायचं, आणि ते धरून बसायचं काम मोठीकडे असायचं.

तिने कडीवर क्लिक केलं. आत खाट, पाण्याची बाटली, कोपऱ्यात बादली. खिडकीच्या गजाला लाल रिबीन बांधलेली.

लहानपणी आई शिक्षा म्हणून एकीला खोलीत बसवायची, तेव्हा आतली गजाला रिबीन बांधायची. बाहेरचीने समजायचं, मला सोडव. मोठीने रिबिनीवर क्लिक केलं. काही झालं नाही. पुन्हा केलं. रिबीन कोड्यात नव्हतीच.

तिने धाकटीला फोन लावला.

"बोला ताई! कुठपर्यंत पोचलात?"

"तिला दे ना जरा."

"झोपलीय हो. अडलात का कुठे?"

तिथेच फोन ठेवायचा. पण जीभ घसरली. "नाही रे, ती रिबीन कशाला आहे?"

पलीकडून हळूच, "कुठली रिबीन?"

फोन कट झाला. पुन्हा लावला तर उचलेना. खेळ नेटवरचा, त्याने घरी बदलला की इथेही बदलायचा; ती तो परत परत उघडत राहिली. आणि एका खेपेला खिडकी तशीच होती, गज तसेच होते, रिबीन नव्हती.

"फौजदार, स्कूटर काढ!"

वाटेत तिने पोलिसांना फोन केला. ते येतील तेव्हा येतील, आधी आपण पोचू, असं फौजदार म्हणाला आणि त्याने सिग्नलसुद्धा पाहिला नाही.

दार धाकटीच्या नवऱ्यानेच उघडलं, हसत. "अरे वा, ताई! चहा टाकू?"

बोळातल्या त्या दारावर कडी नव्हती. तिच्या जागी स्क्रूची भोकं बुजवलेल्या ओल्या लांबीचे चार ठिपके होते. धाकटी बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसली होती. केस नीट विंचरलेले, हात मांडीवर, डोळ्यांवर चष्मा नाही. चष्म्याशिवाय तिला हातभर अंतरावरचं माणूस ओळखू यायचं नाही.

"चष्मा कुठंय तुझा?"

"तुटला," उत्तर त्याने दिलं. "आत्ताच. वेंधळी आहे ना."

"मी बरी आहे, ताई," धाकटी आवाजाच्या दिशेने म्हणाली. तिची बोटं मात्र मोठीची साडी चाचपत होती. सापडल्यावर त्यांनी ती घट्ट धरली.

मोठीने स्वतःचा आवाज ताब्यात ठेवला. "चल मग दुकानात. नंबर तपासू, नवा करू."

"उद्या मी आणतो तिला."

"आज मशीन मोकळं आहे, साहेब," फौजदार म्हणाला. उघड्या दारात तो असा उभा होता की ते लावताच येऊ नये.

नवऱ्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. तो बाजूला झाला आणि जाताना धाकटीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाला, "लवकर ये हं."

दुकानात गेलेच नाहीत. कोपऱ्यावर पोलिसांची गाडी भेटली, तिच्याच मागोमाग चौकीत गेले. महिला हवालदाराने सगळं ऐकलं. धाकटीने खरं काय ते पहिल्यांदा सांगितलं ते तिथे, आणि मग ती थांबेचना. मोठी जमिनीकडे बघत ऐकत राहिली.

त्याला बोलावलं, विचारलं, संध्याकाळी सोडलं. कडी कुठली, कोण कोंडतंय, असं तो म्हणाला म्हणे. तक्रार मात्र नोंदली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठीच्या घरी फोन वाजला. या वेळी धाकटीने स्वतः घेतला. "मी येणार नाही," एवढंच म्हणून ठेवला.

मोठीने खिडकीतून पाहिलं. समोरच्या फुटपाथला लागून त्याची गाडी उभी होती. काच खाली करून तो वर बघत होता, पाहुणा दार उघडायची वाट बघतो तसा, अगदी निवांत.