डब्यांची थप्पी

चंद्रभागाबाईंनी शाळेत डब्यांचा खेळ सुरू केला आणि गावातल्या बिडी ओढणाऱ्यांना सुख लागेना. माचिसमधली शेवटची काडी ओढायच्या आत एखादं पोरगं समोर येऊन उभं राही आणि हात पुढे करी. मारोती शिंप्याच्या ओट्यासमोर तर पोरं पाळत ठेवूनच बसत. बाईंना शिकवायचं सोडून रिकाम्या माचिसा कशाला लागतात, अशी कुरकुर सगळीकडे होती, पण डबी नाही म्हणून कोणी पोराला परत पाठवलं नाही.

साल एक्याण्णव. गाव बाजारहत्नूरकडच्या आडवाटेचं. नाव घ्यायचं कारण नाही, यातली निम्मी माणसं अजून तिथेच राहतात. चंद्रभागाबाई पंचविशीच्या आत-बाहेर होत्या. आईबाप दुसऱ्यांच्या कापसात राबलेले, आणि घरात नोकरीला लागलेलं पहिलं माणूस म्हणजे ह्याच. बौद्धवाड्यात चंपाबाईकडे त्यांनी खोली घेतली होती. बाई कोण, कुठल्या, हे गावाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तोंडावर कोणी काही बोललं नाही, आणि बाईंनीही तशी वेळ कोणावर येऊ दिली नाही.

तिसरी-चौथीचा वर्ग त्यांच्याकडे एकत्र होता. पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं की पोरं गावासारखीच बसतात. खिडकीशी कास्तकारांची, मागच्या भिंतीशी बौद्धवाड्यातली, आणि दाराशी ओढ्यापलीकडच्या गुड्यातली, गोंडांच्या वस्तीतली, म्हणजे पळायला सोपं. हे कोणी सांगितलेलं नव्हतं. बाईंनी उठवून इकडे-तिकडे बसवलं की पोरं मुकाट्यानं बसत, आणि मधल्या सुट्टीनंतर, संध्याकाळी गुरं आपापल्या गोठ्यात शिरतात तशी, बरोबर जुन्या जागेवर. बाईंनी महिनाभर रागावून पाहिलं, समजावून पाहिलं आणि शेवटी हात टेकले.

मग उटनूरच्या शिक्षक-शिबिरात त्यांनी आलेख पाहिला. शिकवणाऱ्यानं लाकडी ठोकळे रचून दाखवले होते. ठोकळे कुठून आणणार? बाईंनी माचिसच्या डब्या गोळा केल्या. प्रत्येक पोराची एक डबी, वर नाव आणि नावाशेजारी स्वतः काढलेली खूण. गुड्यातल्या जंगूनं मोरपीस काढलं, बौद्धवाड्यातल्या खुशालनं सायकलचं चाक, आणि उद्धवराव पाटलांची नात शकू हिनं कानातलं काढलं, जे झुमक्यासारखं न दिसता वांग्यासारखं दिसत होतं. बाईंनीही स्वतःची डबी केली. रोज सकाळी फळ्यावर एक प्रश्न. भिंतीच्या कडेला जमिनीवर खडूनं उत्तरं लिहिलेली, आणि ज्याचं जे उत्तर असेल तिथे त्यानं आपली डबी ठेवायची. डबीवर डबी चढत जाई. कापसाच्या पोत्यांची असते तशी ही थप्पी, म्हणून पोरांनी आलेखाला थप्पीच म्हणायला सुरुवात केली. नियम एकच होता. डबी खोटी ठेवायची नाही.

प्रश्न साधेच असत. कच्चा आंबा आवडतो की पिकलेला? झाडावर चढता येतं का? एकदा बाईंनी विचारलं, जास्त भीती कोणाची, सापाची की बाईंची? बाईंची थप्पी सापाच्या वर गेली. बाई दिवसभर हसत होत्या, आणि त्या दिवसापासून टेबलावरची छडी कुठे गेली ते कोणाला कळलं नाही.

पण खरी गंमत झाली ती लहान भावंडांच्या दिवशी. घरी कडेवर लेकरू कोण घेतं, असा प्रश्न होता. शकूची डबी गेली, तिच्यावर जंगूची, जंगूवर खुशालची. जंगूनं शकूकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं आणि विचारलं, तुझा भाऊ चावतो का? चावतो म्हणे, कानाला. मग तिघांनी आपापले कान दाखवले. मधल्या सुट्टीत त्यांचं हेच चाललं होतं, आणि सुट्टी संपल्यावर ते बोलणं अर्धवट राहिलं म्हणून तिघं एकाच तरटावर बसले.

असं करत करत होळीपर्यंत वर्ग पार विस्कटला. कच्च्या आंब्यावाले एकीकडे, पोहता येणारे एकीकडे, रोज नवी टोळी. कोण कुठल्या घरचं, हे बसण्यावरून सांगता येईना. बाई हजेरी घेताना मध्येच थांबून नुसत्या बघत राहत. त्यांना ह्या पोरांचा अभिमान वाटे, इतका की स्वतःच्या आईलाही त्यांनी तो सांगितला नव्हता, दृष्ट लागेल म्हणून.

शनिवारी प्रश्न पोरांनी काढायचा, अशी रीत पडली होती. चैत्र लागला होता, ऊन तापत होतं, आणि घरोघरी पाण्याचीच बोलणी. त्या शनिवारी पाळी शकूची होती. ती उठली आणि सरळ म्हणाली, "तुमी कोन्त्या हिरीचं पानी पेता?"

बाईंचा खडू फळ्यावरच थांबला. पोरीच्या मनात काही नव्हतं, नुसतं कुतूहल होतं. बाईंना मात्र तीन थप्प्या आताच डोळ्यांसमोर दिसल्या. पाटलांची विहीर, काठोकाठ. बौद्धवाड्याची विहीर, जिच्या तळाला आता गढूळ पाणी उरलं होतं. आणि गुड्याचा झिरा, म्हणजे ओढ्याच्या वाळूत उकरलेला खड्डा. पाटलांच्या विहिरीत कोणाचा दोर जातो आणि कोणाचा जात नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. प्रश्न सोमवारी घेऊ, असं सांगून बाईंनी शाळा सोडली.

रविवारी त्यांना जेवण गेलं नाही. उद्धवराव शाळा कमिटीचे प्रमुख होते, आणि आधीच्या मास्तरांची बदली त्यांच्या एका शब्दावर झाली होती. बदलीचं बाईंना तितकंसं काही वाटत नव्हतं. पण हा वर्ग सोडून जायचं, आणि तोही पुन्हा आपापल्या भिंतीला चिकटलेला, हे त्यांना सोसवणारं नव्हतं. चंपाबाईनं ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "शाळा शिकव ना बाई. गावच्या हिरी कायले उपसून राह्यली?"

प्रश्न पुसून टाकणं सोपं होतं. पण पुसला की पोरांना बरोबर कळेल, कुठला प्रश्न विचारायचा नसतो ते. मग बाकीचे प्रश्न तरी कशाला विचारायचे? सोमवारी बाईंनी तो फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला.

तीन थप्प्या लागल्या. बाईंनी सगळ्यांच्या देखत आपली डबी बौद्धवाड्याच्या विहिरीवर ठेवली. मग रोजच्यासारखं, थप्पी पाहून काय दिसतं ते एकेकानं सांगायचं होतं. खुशाल उठला.

"बाई, रोज डब्या मिसळतेत. आज नाई मिसळल्या. आमी पयले बसत होतो तशाच लागल्या."

बाईंनी पुढे काय बोलायचं ते रविवारभर ठरवलं होतं. ते सगळं त्या विसरल्या. शकूचं तोंड उतरलं होतं, कारण प्रश्न तिचा होता. तिला ही थप्पी आवडली नाही, असं ती म्हणाली. मग दाराकडून जंगू बोलला, "थो रांजन काऊन उपडा हाये बाई?"

दारामागे रांजण होता खरा. बाई येण्याच्या आधीपासून उपडाच होता आणि त्याच्यावर झाडू ठेवायची सवय पडली होती. तो भरायचा कोणी आणि कुठून, हा गुंता कोणाला सुटला नव्हता. म्हणून मधल्या सुट्टीत पोरं पाणी प्यायला घरी धावत आणि निम्मी उशिरा परतत. गुड्यातली पोरं तर ओढ्यापलीकडची, ती संध्याकाळपर्यंत पाण्याशिवाय राहत. इतके दिवस हे आपल्या कसं लक्षात आलं नाही, म्हणून बाईंना स्वतःचीच चीड आली. तोवर पोरांचं ठरूनही गेलं होतं. प्रत्येकानं आपल्या घरचं पाणी आणायचं आणि एकाच रांजणात ओतायचं. बाई इतकंच म्हणाल्या की आधी तो घासून घ्या.

मंगळवारी सकाळी पोरं तांबे, लोट्या, जर्मनच्या बरण्या घेऊन आली. गुड्यातली सगळ्यात लांबून आली होती आणि त्यांचं निम्मं पाणी वाटेत सांडलं होतं, तरी उरलेलं त्यांनी मोठ्या ऐटीत ओतलं. रांजण गळ्यापर्यंत भरला. पुढची पाच-दहा मिनिटं मात्र कोणी जवळ जाईना, सगळी नुसती वाकून पाण्यात पाहत होती. मग शकू पुढे झाली. तिनं ओगराळ्यानं पाणी काढलं, घटाघटा प्यायली, तोंड पुसलं आणि भिंतीशी जाऊन आपली डबी ठेवली. तिच्यामागे रांग लागली. फळ्यावर प्रश्न होता, आज शाळेत कोणतं पाणी प्यालो? थप्पी एकच होती.

बाईंची डबी तेवढी त्यांच्या मुठीत राहिली. त्या प्यायल्या नव्हत्या. पोरांनी केलं ते पोरखेळ म्हणून गाव सोडून देईल, पण ओगराळ्याला त्यांचा हात लागला की ते पाणी लगेच दुसरं काही होईल, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पोरं दोनदा म्हणाली, बाई, तुमची डबी? त्या ठेवते, ठेवते म्हणत राहिल्या. मुठीतल्या घामानं डबीवरचं चित्र सुटायला लागलं.

दुपारच्या आत उद्धवराव आले. पायातलं काढून आत आले, रांजण पाहिला, थप्पी पाहिली, फळा वाचला. माणूस कडक होता पण आडमुठा नव्हता. बोलण्याआधी पाहून घ्यायची त्यांची पद्धत होती.

"हे कोनाच्या डोक्यातून निंगालं?"

खरं सांगायचं तर पोरांच्या. तेवढं एक वाक्य बोललं असतं तर बाई मोकळ्या झाल्या असत्या. जंगू मान खाली घालून बसला होता. बाई म्हणाल्या, "वर्ग माहा हाये पाटील. माह्याच डोक्यातून समजा."

उद्धवरावांनी मान हलवली. मग शांतपणे म्हणाले, "आमच्या शकूची डबी काढून घ्या त्याच्यातून."

शकू उठली आणि थप्पीपाशी जाऊन बसली. डबीला तिनं हात लावला नाही. आजोबांसमोर वर पाहून बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून ती डब्यांकडेच पाहत बोलली. "माही साऱ्यात खाली हाये आबा. पयले मीच पेली. काढली तं साऱ्याईच्या पडतीन."

उद्धवराव तिच्याकडे पाहत होते आणि बाई सुद्धा. आठ-नऊ वर्षांची पोर, घरच्या कडक म्हाताऱ्यासमोर थप्पी राखत बसली होती, आणि आपण शिकलेल्या बाई, डबी मुठीत लपवून उभ्या. बाईंना स्वतःची लाज वाटली. त्या रांजणापाशी गेल्या, ओगराळं बुडवलं, पेल्यात पाणी घेतलं आणि उद्धवरावांसमोर उभ्यानं सगळं पाणी प्यायल्या. मग त्यांनी आपली डबी थप्पीवर सगळ्यात वर ठेवली. थप्पी कलली. जंगूनं धावत येऊन एका बाजूनं हात लावला, दुसऱ्या बाजूनं शकूनं लावला, आणि ती उभी राहिली.

उद्धवराव त्या दोन हातांकडे पाहत होते. पोरांना वाटलं, आता ओरडतील. बाईंना वाटलं, आता निघून जातील आणि आठ दिवसांत कागद येईल. ते रांजणाकडे वळले आणि आत वाकून पाहिलं.

"याले झाकन नाई काय?"

नाही, असं बाईंनी सांगितलं.

"मंग कचरा पडंल ना बाई. लेकरं पेतेत हे पानी."

एवढं बोलून त्यांनी चपला घातल्या आणि गेले. त्या दिवशी ते पाणी पिऊन गेले नाहीत, हे सांगितलं पाहिजे. पुढेही कधी प्यायले नाहीत, आणि त्यांच्या विहिरीवरचा दोराचा नियम आणखी काही वर्षं होता तसाच राहिला. पण बदलीचा कागद आला नाही. ते गेल्यावर बाई खुर्चीत बसल्या आणि त्यांना रडू आवरेना. पोरं घाबरून गोळा झाली. कोणी मारलं का, असं खुशालनं विचारलं, तेव्हा त्या रडत रडतच हसायला लागल्या.

बुधवारी सकाळी शकू काखेत एक जाड लाकडी झाकण घेऊन आली. वजनानं ती एका बाजूला वाकली होती. झाकणाच्या खालच्या अंगाला अजून ओल होती. आईनं दिलं का, असं बाईंनी विचारलं.

"नाई. आबानं सोताच काढून देल्लं," शकू म्हणाली. "आमच्या घरच्या रांजनावरचं हाये."

बाईंनी आणि जंगूनं मिळून ते उचललं आणि रांजणावर ठेवलं. थोडं मोठं होत होतं, पण बसलं.