दुसऱ्याच्या हातची काडतुसं

हॅल्वर स्टेनरूडला आपल्या दहाही बोटांचं फार कौतुक. कॉफीच्या दुकानात कोणी नवखा भेटला की हा दोन्ही पंजे टेबलावर पसरणार आणि म्हणणार, "चाळीस वर्षं घरी काडतुसं भरतोय. मोज!" नवखा बिचारा मोजायचा. दहा भरायची. मग हॅल्वर असा हसायचा, जणू ती बोटं त्याने स्वतः ऑर्डर देऊन बनवून घेतलीत.

आता मोंटानातल्या त्या डोंगरी खोऱ्यात घरी काडतुसं भरणं म्हणजे काही चोरटा धंदा नव्हे. कोणी घरी मुरंबे घालतं, कोणी काडतुसं भरतं. झाडलेल्या पितळी पुंगळ्या उचलून आणायच्या, घासूनपुसून लख्ख करायच्या, बुडाला नवी टोपी बसवायची, आत बंदुकीची दारू मापून ओतायची आणि वर गोळी दाबून बसवायची. काम सोपं, म्हणूनच वाईट. अवघड कामात माणूस जागा राहतो हो, सोप्या कामातच तो झोपतो.

हॅल्वर मात्र नियमाचा पक्का. निदान तशी ख्याती होती. टेबलावर एका वेळी एकच दारू. माप टाकणाऱ्या नळकांड्यात जी दारू असेल तिचाच डबा नळकांड्यासमोर उभा. काम अर्धवट टाकून उठलात, तर परत आल्यावर नळकांडं रिकामं करायचं आणि पहिल्यापासून सुरू. आणि सगळ्यांत मोठा नियम, दुसऱ्याच्या हातची काडतुसं आपल्या रायफलीत घालायची नाहीत, मग तो दुसरा चर्चचा पाद्री का असेना.

लेकीला, कारीला, त्याने दहाव्या वर्षी पहिल्यांदा रायफल हातात दिली तेव्हा आणखी एक शिकवलं होतं. "बंदूक रिकामी आहे असं कोणीही सांगो, बोट घालून बघायचं."

"तू सांगितलंस तरी?"

"मी सांगितलं तरी."

पण खरी गोम वेगळीच होती. त्या सगळ्या नियमांना राखण होती ती त्याच्या बायकोची, बर्नडीनची. तो घरामागच्या शेडमध्ये काडतुसं भरायला बसला की ती स्वयंपाकघराच्या दारात ठाण मांडायची. कोणी आलं की म्हणायची, "हॅल्वर घरी नाही." शेडमध्ये दिवा दिसतोय, आतून खोकल्याचा आवाज येतोय, तरी ही आपली ठाम. "नाही म्हटलं ना! संध्याकाळी या." दोन हिवाळ्यांपूर्वी ती गेली. तेव्हापासून शेडचं दार उघडं राहायला लागलं. कोणीतरी यावं, बसावं, चार शब्द बोलावेत म्हणूनच उघडं राहायचं ते. हॅल्वरने हे कोणापाशी कबूल केलं नसतं.

हरणांच्या शिकारीचा हंगाम शनिवारी उघडणार होता. शुक्रवारी सकाळी त्याचा जुना दोस्त मर्ल येऊन बसला, उलट्या बादलीवर. मर्लच्या रिव्हॉल्वरची काडतुसं हॅल्वर भरून देत होता. ती झाली. नळकांड्यात रिव्हॉल्वरची दारू थोडी उरली होती. आता कारीच्या रायफलीची काडतुसं भरायची. हॅल्वरने फळीवरून रायफलीच्या दारूचा कोरा डबा काढला आणि नियमाप्रमाणे नळकांड्यासमोर उभा केला. आता जुनी उपसायची, नवी ओतायची.

एवढ्यात मर्ल म्हणाला, "अरे, माझं नवं पिल्लू बघितलंस का? गाडीत बसवून आणलंय. कान बघ लेका त्याचे, जमिनीला लागतात!"

हॅल्वर उठला. पिल्लाने त्याच्या बुटांवर मुतून दाखवलं, दोघे पोट धरून हसले, कॉफी झाली, मर्ल गेला. हॅल्वर परत येऊन स्टुलावर बसला. नळकांड्यात दारू होती. समोर रायफलीच्या दारूचा डबा होता. म्हणजे भरलेलंच आहे. नियम पाळलाय की!

आणि त्याने नळकांड्याचा दांडा ओढायला सुरुवात केली, एका ओढीला एक माप.

दर थोड्या वेळाने एक माप काट्यावर तोलून बघायचं असतं. काट्याची बॅटरी उतरली होती. बॅटरी आणायला घरात जायचं म्हणजे पायऱ्या, आणि गुडघा कुरकुरत होता. "काट्याला काय कळतं माझ्या हातापेक्षा?" असं तो स्वतःशीच म्हणाला. टॉर्च मारून सगळ्या पुंगळ्यांतली पातळी तेवढी बघितली. पातळी एकसारखी होती. दारू कुठली आहे ते बघायचं कोणी? संध्याकाळी कारी आली, बापाच्या गालाची पापी घेऊन काडतुसांचा खोका घेऊन गेली. उरलेली मूठभर हॅल्वरने स्वतःच्या कोटाच्या खिशात टाकली; त्याची रायफलही त्याच मापाची होती.

शनिवारी उजाडल्यावर तो कॉफीचा मग घेऊन शेड आवरायला गेला. डबा परत फळीवर ठेवायला उचलला. जड लागला. झाकण फिरवलं. झाकणाखालचा चंदेरी पापुद्रा जसाच्या तसा, ताणलेला, कोरा. नखसुद्धा लागलेलं नव्हतं.

कॉफीचा मग त्याच्या हातातून सुटला.

त्याने नळकांड्यातले तळाचे दाणे तळहातावर पाडले. रायफलीची दारू बारीक काड्यांसारखी असते. ह्या होत्या चपट्या टिकल्या. रिव्हॉल्वरची दारू! ती पेटते ती भडकन, चिमूटभर पुरते. तिने रायफलीची अख्खी पुंगळी भरली, तर बार पुढे जात नाही, मागे येतो. नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट फुटतो. आणि रायफल झाडताना बोल्टपासून वीतभर अंतरावर काय असतं? झाडणाऱ्याचा गाल असतो. डोळा असतो.

"देवा, देवा, देवा," हॅल्वर म्हणत सुटला. फोन लावला. कारीच्या फोनवर तिचा तो हसरा निरोप वाजला. ती दर हंगामात पहाटेच ज्या डोंगरावर चढायची, त्या डोंगरात फोन कधी लागलाय का कोणाला, पण त्याने चारदा लावला. गुडघा विसरून तो पिकअपमध्ये चढला.

वाटेत नुकतं भुरभुरलेलं बर्फ होतं. गाडी दोनदा घसरली. तो मोठ्याने बोलत होता, एकदा देवाशी, एकदा बर्नडीनशी, आणि मधूनच स्वतःला शिव्या घालत होता. "पिल्लू बघायला गेला! कान बघायला गेला, थेरडा!" मुलीने अजून गोळी झाडली नसेल. ती घाई करणारी नाही. चांगला नर दिसल्याशिवाय ती चाप ओढत नाही. आपणच तिला तसं शिकवलंय. हे तो घोकत राहिला.

वर रस्ता संपतो तिथल्या फाटकाशी कारीची गाडी उभी होती. बर्फात तिच्या बुटांचे ठसे पाइनच्या झाडीत शिरलेले. हॅल्वरने हॉर्न दाबून धरला. कुठूनतरी लांबून कोणी शिकारी बोंबलला, "ए, गाढवा! हरणं पळवतोस काय!" कारीचा आवाज नाही. हाकेला वारा आडवा येत होता.

मग त्याला आठवलं. ओळीने तीन बार म्हणजे संकटाची खूण. ऐकलं की खोऱ्यातला प्रत्येक माणूस हातचं सोडून थांबतो. सीटमागे रायफल लटकलेली असायचीच. त्याने ती ओढली, खिशातून तीन काडतुसं काढून भरली, बोल्ट पुढे ढकलला, नळी आभाळाकडे केली, दस्ता खांद्याला लावला.

आणि तसाच थिजला. खिशातली काडतुसं कुठली?

ही तीच होती. तिच्यासाठी आणलेलं मरण स्वतःच्याच गालाला लावून तो उभा होता. त्याने रायफलीच्या पोटाखालची झडप उघडली, काडतुसं ओंजळीत पडली, ती खिशात कोंबली.

तेवढ्यात वरून बार झाला. एकच. डोंगरातून घुमत घुमत खाली आला आणि विरला.

हॅल्वरने रायफल सीटवर फेकली आणि धावत सुटला. सत्तरीचा माणूस, एक गुडघा लोखंडाचा, तोंडातून "कारी, कारी" येतंय की नुसती वाफ येतेय ते कळत नाही. ठसे, बर्फ, झाडं, चांगला अर्धा तास. पुढे मोकळवणात नारिंगी जाकीट दिसलं. जमिनीवर वाकलेलं. आणि बर्फावर रक्त.

"कारी!"

ती वळली. कोपरापर्यंत हात लाल. पुढ्यात पोट फाडलेला नर पडलेला, त्याच्यातून वाफा निघत होत्या. "बाबा? तू इथे कसा? काय झालं? कोण गेलं?"

त्याने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. उजवा डोळा बघितला, डावा बघितला, गाल चाचपला, कान चाचपले. मग तिथेच बर्फात फतकल मारून बसला आणि हमसून हमसून रडला. बर्नडीनला पुरतानाही तो असा रडला नव्हता.

रडता रडता त्याने सगळं सांगितलं. डबा, पापुद्रा, टिकल्या. "एक तर झाडलंस तू. वाचलीस कशी? काहीतरी पुण्य असेल आईचं."

कारी बर्फाने हात घासत राहिली. वर बघेना.

"बाबा, ती तुझी नव्हती."

"काय?"

तिने जाकिटाच्या खिशातून दुकानातला खोका काढला, कोरा करकरीत. "मी दोन वर्षं तुझी वापरतच नाही. आई गेल्यानंतरच्या वसंतात मैदानावर झाडत होते. बार झालाच नाही, नुसतं फुस्स. पुंगळीत दारूच नव्हती, बाबा. गोळी नळीत अडकली. मागून दुसरी झाडली असती तर नळी फाटली असती. बंदूकवाल्याकडून काढून घेतली."

हॅल्वरचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "आणि मला सांगितलं नाहीस? दोन वर्षं? गालाच्या पाप्या घेऊन खोके नेत होतीस, आणि करत काय होतीस त्यांचं?"

"तळघरात पत्र्याच्या पेटीत ठेवलेत. फेकवेनात."

"मला वेड्यात काढलंस!"

"मग काय करायचं होतं?" आता तीही पेटली. "आईला जाऊन तीन महिने झाले होते. तू जेवत नव्हतास, झोपत नव्हतास, त्या शेडशिवाय कुठे टेकत नव्हतास. तुझ्याकडे उरलेलं तेवढंच होतं. ते मी काढून घेऊ? आणि तूच शिकवलंस ना, दुसऱ्याच्या हातची काडतुसं घालायची नाहीत म्हणून?"

"मी दुसरा?"

तिने खोका परत खिशात कोंबला. म्हणाली, "सांगायला हवं होतं मी. चुकलंच माझं. वाटलं, मी वापरत नाही म्हणजे झालं. आज तू स्वतःच ती घेऊन शिकारीला आला असतास तर?"

हॅल्वरला ह्याचं उत्तर ठाऊक होतं. नळी आभाळाकडे केली होती तेव्हाच ते कळलं होतं. पण तो उठून हरणाची शिंगं धरायला गेला.

दोघांनी हरीण ओढत खाली आणलं. चढताना न जाणवलेला गुडघा उतरताना व्याजासकट बोलत होता. फाटकाशी आल्यावर कारीची नजर पिकअपच्या उघड्या दारातून आत गेली. "रायफल अशी सीटवर टाकलीस?"

"घाईत होतो."

"रिकामी आहे ना?"

"आहे तर! मीच रिकामी केली आत्ता. काडतुसं खिशात आहेत," असं म्हणून त्याने खिसा वाजवूनही दाखवला.

कारीने एक क्षण त्याच्याकडे बघितलं. मग रायफल उचलली, नळी डोंगराकडे वळवली आणि बोल्ट मागे ओढला.

आतून एक काडतूस उसळलं आणि बर्फात पडलं. पितळ कसं लख्ख, हॅल्वरनेच घासलेलं.

त्याने पोटातली काडतुसं काढली होती. बोल्टने नळीत ढकललेलं तिथेच होतं. चाप ओढला की उडायच्या तयारीत, त्याच्याच गाडीत, त्याच्याच शब्दावर.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. वाकून तिने काडतूस उचललं, मग नळीच्या मागच्या भोकात करंगळी घालून बघितलं, लहानपणी घालायची तशीच, जीभ थोडी बाहेर काढून. हॅल्वर बघत राहिला. चाळीस वर्षं लोकांपुढे पसरलेले पंजे त्याने आता बगलेत दाबून धरले होते.

"मर्लची काडतुसं तरी बरोबर आहेत," शेवटी तो म्हणाला. "ती दारू रिव्हॉल्वरचीच होती. त्यांना काही होणार नाही."

"तुला ठाऊक आहे, की तुला वाटतंय?"

हॅल्वरने बेल्टच्या कडीतून शेडची किल्ली सोडवली आणि तिच्या रक्ताळलेल्या तळहातावर ठेवली.

"आधी मर्लकडे चल," तो म्हणाला. "गाडी तू चालव."