घराच्या वेशीवरची पेटी

“ईस्टरच्या कोझुनाकमध्ये यंदा अक्रोड नाहीत म्हणे?” प्लामेनने फोनवर सहज विचारलं आणि झोर्नित्साच्या छातीत धस्स झालं. त्या गोड पावाबद्दल ती फक्त धाकट्या बहिणीशी बोलली होती, तेही स्वतःच्या स्वयंपाकघरात.

प्लामेनशी तिचा घटस्फोट कधीच झाला होता. कुलूपही बदललं होतं. रुसे शहरातल्या या घरात प्लामेनने पुन्हा पाऊल टाकलं नव्हतं. तरी कोण आलं, ती कशावरून रडली, सगळं त्याला कळत होतं. ती पोलिसांत गेली, तर “पुरावा आणा, बाई,” एवढंच ऐकून परत आली. घरात ती कुजबुजत बोलू लागली, मग बोलायचीच थांबली.

शेवटी तिने ठरवलं, घरातून इंटरनेटवर जे जे बाहेर जातं, त्याच्यावर पहारा बसवायचा. तयार यंत्र घ्यायला मन धजेना; स्वतः जोडलेल्यावरच तिचा भरवसा बसणार होता.

रविवारी दुपारी बहीण कालिना आली, तेव्हा टेबलावर बुटाच्या खोक्याएवढी लोखंडी पेटी, संगणकाचा छोटा मदरबोर्ड, रॅम आणि नेटवर्क कार्ड मांडलेलं होतं.

“ताई, तू भाषांतरं करणारी बाई. हे पेटलं-बिटलं तर?”

“पेटू दे. निदान मी पेटवलेलं असेल.”

स्क्रू दोनदा पेटीत पडला. सगळं जोडून बटण दाबलं, पण पडदा काळाच.

“पेटायचं सोड, उजेडसुद्धा नाही,” कालिना म्हणाली.

झोर्नित्साने रॅम काढून पुन्हा बसवली आणि खट् आवाज येईपर्यंत दाबली. पडद्यावर अक्षरं उमटली, तेव्हा कुठे तिने श्वास सोडला. पेनड्राइव्हवरून तिने फायरवॉलची, म्हणजे पहाऱ्याची, प्रणाली चढवली. बाहेरून येणारी इंटरनेटची तार पेटीच्या एका तोंडात आणि घरातला वायफायचा डबा दुसऱ्या तोंडात. आता घरातली प्रत्येक वस्तू या पेटीतूनच बाहेर जाणार होती, आणि कोण किती पाठवतंय ते पडद्यावर दिसणार होतं.

दोघींचे फोन शांत होते. टीव्ही बंद होता. एका ओळीतले आकडे मात्र सारखे वाढत होते.

“हे काय गं?” कालिनाने विचारलं. आकडे उसळले.

झोर्नित्साने ओठांवर बोट ठेवलं. दोघी गप्प बसल्या, तसे आकडे थांबले. कालिनाला खोकला आला. आकडे पुन्हा चढले.

झोर्नित्साने एकेका वस्तूचा प्लग काढायला सुरुवात केली. फडताळावरची, आपोआप फोटो बदलणारी फ्रेम बंद केली आणि ती ओळच नाहीशी झाली.

ती फ्रेम तिच्या नामदिवसाला, म्हणजे नावाच्या सणाला, सासूने दिली होती. घटस्फोटानंतरही झोर्नित्सा जिला आई म्हणायची, त्या व्हर्गिनियाने.

“म्हातारीला ठाऊक असेल?” कालिना हळूच म्हणाली.

याचीच झोर्नित्साला सगळ्यात जास्त धास्ती वाटत होती. तिने फोन लावला. “आई, ती फ्रेम तुम्ही कुठून आणलीत?”

“का गं? बिघडली?” मग जरा चाचरत, “प्लामेननेच आणून दिली. म्हणाला, माझं नाव सांगू नकोस, ती घ्यायची नाही. पण तुझ्या घरी आपले फोटो असले तर मला बरं वाटेल, म्हणून... काय झालं, पोरी?”

त्या फ्रेममधून घरातलं बोलणं प्लामेनला ऐकू जातंय, हे झोर्नित्साने सांगितलं.

“आई?”

“माझ्या हातानं दिलं मी ते,” व्हर्गिनिया म्हणाली. “उद्या पोलिसांत जाऊ. मी सांगेन त्यांना.”

“तो तुमचा मुलगा आहे, आई.”

“मला शिकवू नकोस. सकाळी खाली उभी राहा.”

सकाळी व्हर्गिनिया चर्चला जायच्या कोटात आली. फ्रेम टॉवेलात गुंडाळून झोर्नित्साने पिशवीत ठेवली होती. बसमध्ये दोघी शेजारीशेजारी बसल्या. म्हातारीने झोर्नित्साचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि ठाणं येईपर्यंत सोडला नाही.