भिंगारची मेथी

“शेतकऱ्याकडूनच घ्या, माणसं जोडा,” असं कॉलनीच्या ग्रुपवर रोज बजावणाऱ्या राजेश्वरीबाई दर आठवड्याला भिंगारहून तासभर गाडी हाकत तिसगावच्या बाजाराला जायच्या. मेथी घ्यायची ती फरीदाकडचीच. एकदा तिच्यासोबत फोटो काढता काढता त्यांनी मायेनं विचारलं, “मळा कुठं गं तुझा?”

“भिंगारलाच हाय की, तुमच्या कॉलनीच्या मागं. पहिलं तुमच्याच दारात यायचे, ताई. गेटावर फेरीवाल्यांना बंदीची पाटी लागली, तवापासून टेम्पोनं इकडं यावं लागतंय.”

त्या पाटीसाठी राजेश्वरीबाईच मीटिंगमध्ये तावातावानं भांडल्या होत्या.

“अरेरे! लोकांना माणुसकी म्हणून राहिलीच नाही,” त्या हळहळल्या आणि मेथीवर कोथिंबिरीच्या चार काड्या फुकट मागून घेतल्या.