नदीकडची भिंत

तांडेलाला एकच खूळ होतं, ते भिंतीचं. बाकी माणूस लाखात एक. ना दारू, ना विडी, ना कुणाशी भांडणतंटा. पण दर वर्षी होडी पाण्यात उतरवायच्या आधी गडी घराच्या नदीकडच्या भिंतीला चुना लावायला घ्यायचा, आणि तोही फक्त त्या एकाच भिंतीला! पुढच्या भिंतीचे पोपडे निघून उंबऱ्यावर पडतायत, दाराची चौकट काळी ठिक्कर पडलीय, त्याचं याला काही नाही. हा आपला मागे शिडी लावून चुन्याचा हातावर हात देतोय.

"अहो, येणारा-जाणारा बघतो ती पुढची भिंत," बायको म्हणायची. "मागे कोण बघायला येतंय? मासे?"

"मासेच," तांडेल म्हणायचा. "त्यांना कळायला नको, घर कुणाचं आहे ते?"

घर टेकडीच्या मध्यावर. वर माथ्याला एकच झाड, खाली उतारावर शेतं, शेतांना पाणी चढवणारं पंपघर, आणि शेतं संपतात तिथे नदीचं मुख. भरतीला बघावं तिकडे पाणी, ओहोटीला त्याच पाण्यातून वाळूचे दांडे वर यायचे. होडी तांडेलाच्या स्वतःच्या मालकीची, सुकाणूही त्याच्याच हातात. विटा, कौलं, कधी मीठ भरून तो किनाऱ्याकिनाऱ्याने आठ-दहा दिवस जायचा. सोबत एकच माणूस, बायकोचा धाकटा भाऊ. तो खाली इंजिन सांभाळायचा. लेकीचा मामा, म्हणून अख्ख्या वस्तीचा मामा झालेला.

होडी निघाली की तांडेलीण त्या पांढऱ्या भिंतीला टेकून उभी राहायची. आणि तांडेल सुकाणू धरून मान वळवून मागे बघायचा. पुढे बघायचा, परत मागे. परत पुढे, परत मागे. मुखाबाहेर जाईपर्यंत हेच. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी त्यात खंड नाही. शेजारणी चिडवायच्या, "काय बाई, नवऱ्याची मान मोडेल हो एक दिवस!" तांडेलीण "चला, तुमचं आपलं काहीतरीच" म्हणून पदर सावरायची आणि आतून नुसती फुलून यायची. खोटं कशाला बोला, त्या वळून बघण्यावर ती पुढचे आठ दिवस काढायची.

दोघांना एकुलती एक लेक. जन्मली तेव्हा असा टाहो फोडला तिने, की तांडेल म्हणाला, आता होडीला भोंगा घ्यायला नको. झालं, तेच नाव पडलं. भोंगा मोठी झाली, शिकली, आणि शहरात रंगाच्या दुकानात नोकरीला लागली. पांढऱ्या डब्यात हिशेबाने रंगाचे थेंब सोडायचे, मशीनवर घुसळायचे आणि गिऱ्हाईक म्हणेल ती छटा काढून द्यायची, हे तिचं काम. नजर अशी तयार झाली होती, की दोन सारखे दिसणारे पिवळे ती दुरून वेगळे सांगायची.

पहिला पगार झाला आणि पोरगी सुट्टी काढून घरी आली ती भलामोठा डबा घेऊनच. आत मोरपंखी रंग, तिने स्वतः बनवलेला. तांडेल तेव्हा फेरीवर होता.

"बाबा दर वर्षी शिडीवर लोंबकळत बसतात," भोंगा म्हणाली. "हा रंग दहा वर्षं हलायचा नाही. पण खबरदार त्यांना सांगितलंस तर! येऊन बघू देत."

दोघी मायलेकींनी दोन दिवसांत नदीकडची भिंत रंगवून काढली. पोरगी शिडीवर, आई खाली शिडी धरून. दुसऱ्या दिवशी दुपारी तांडेलाचा फोन आला, संध्याकाळपर्यंत पोचतो म्हणून. भोंग्याने लगेच आईच्या तोंडावर हात ठेवला.

"या लवकर," आई हसू दाबत म्हणाली. "एक गंमत आहे."

"कसली गंमत?"

"ती सांगायची नसते."

"बरं बाई, नका सांगू," तांडेल म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

त्या संध्याकाळी होडी घरी आली नाही. ओहोटी लागली होती, मागून लाटा रेटत होत्या, आणि होडी वाळूच्या दांड्यावर चढून कलंडली. मामा फळीला चिकटलेला सापडला, पाय मोडून. तांडेल सापडला तो दुसऱ्या दिवशी सकाळी.

पंचवीस वर्षं झोपेतसुद्धा होडी आणेल असा माणूस स्वतःच्या अंगणासमोर बुडतो कसा? लोक म्हणाले, वेळ भरली होती. लोकांचं काय जातंय!

चार दिवस भोंगा ना जेवली ना झोपली. चौथ्या संध्याकाळी आईच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आई, बाबांनी पाण्यातून बघितली असेल ना गं भिंत? थोडा उजेड होता की तेव्हा."

"बघितली असेल."

"आवडली असेल?"

"न आवडायला काय झालं? लेकीने रंगवलेली."

तेवढ्यावर पोरगी झोपली. पुढे सुट्टीला आली की ती त्या भिंतीला पाठ लावून तासन्‌तास बसायची. वडिलांनी शेवटचं जे बघितलं ते आपल्या हातचं होतं, एवढाच तिला आधार.

दीड महिन्याने मामाला दवाखान्यातून सोडलं. तांडेलीण त्याला आणायला गेली. येताना पलीकडच्या काठावरून दोघं नावेत बसली तेव्हा दिवस मावळत होता. मामा कुबडी आडवी धरून टेकडीकडे बघत होता. बघता बघता त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ताई, भिंत कुठे गेली?"

"कुठली भिंत?"

"आपली. पांढरी."

"अरे, रंगवली ना भोंग्याने. तुम्ही यायच्या आदल्याच दिवशी घेतली रंगवायला. त्यांना दाखवायची होती."

मामाचा चेहरा पांढराफटक पडला. तिने खनपटीलाच बसून त्याच्याकडून काढून घेतलं.

"माथ्यावरचं झाड आणि खालची भिंत एका रेषेत धरायची, ताई. झाड बरोबर भिंतीच्या डोक्यावर आलं की खाली खोल पाणी. जरा इकडेतिकडे झालं की वाळू. येताना समोर बघायचं, जाताना मागे वळून. ही त्यांची खूण. खूण कुणी कुणाला सांगत नाही, मलासुद्धा त्यांनी सात वर्षांनी सांगितली."

"मग त्या दिवशी?"

"मी खाली इंजिनपाशी. वरून म्हणाले, आली बघ भिंत. मग म्हणाले, आज जरा डावीकडे कशी वाटतेय? आणि वळवली."

तांडेलिणीने टेकडीकडे बघितलं. मोरपंखी भिंत संध्याकाळच्या हिरवाईत विरघळून गेली होती, शोधूनही सापडेना. डाव्या अंगाला, थोडं खाली, पंपघर लख्ख पांढरं दिसत होतं.

तिने नावेची कड धरली. एका शब्दाचा तर प्रश्न होता! फोनवर "भिंत रंगवली" एवढं म्हणाली असती तर नवरा आज ओसरीवर बसलेला असता. मग तिला आणखी एक गोष्ट सुचली, आणि ती तिने विचारली नसती तर बरं झालं असतं.

"म्हणजे जाताना ते मागे वळून बघायचे..."

"भिंतीकडे," मामा बोलून गेला. भोळा माणूस. मग गडबडला, "तुझ्याकडे पण बघत असतील की."

पंचवीस वर्षांचं ते बघणं त्या एका 'पण'वर येऊन उभं राहिलं. तिथे तिला रडू फुटलं, नवरा गेला तेव्हा फुटलं नव्हतं असं. पण नाव काठाला लागायच्या आत तिने डोळे पुसले.

"भोंग्याच्या कानावर यातलं अक्षर जाता कामा नये," ती म्हणाली. "गळ्याची शपथ आहे तुला माझ्या. पोरगी जगायची नाही."

मामाने शपथ घेतली.

होडी दुरुस्त झाली. मामाचा पायही टेकायला लागला. आता सुकाणू तोच धरणार होता, आणि त्याला खूण हवी होती. त्याला दुसरी येत नव्हती. तांडेलिणीने चादर टांगून बघितली, ती वाऱ्याने गुंडाळली जायची. शेवटी तिने विटेचा तुकडा घेतला आणि मोरपंखी भिंत घासायला लागली.

नेमकी त्याच दिवशी भोंगा आली. न सांगता.

"काय करतेस तू?"

"चुना लावायचाय."

"का?"

तांडेलीण तोंडाला आलं ते बोलली. "मला नाही आवडत तो रंग. पहिल्या दिवसापासून नाही आवडला."

"मग तेव्हा शिडी कशाला धरलीस? तेव्हा वाचा बसली होती?"

"तुझं मन कशाला मोडायचं म्हणून."

"आणि आता मोडायला हरकत नाही? आई, बाबांनी शेवटचं बघितलेलं आहे ते!"

"माणूस गेला, आता रंग जपून काय करायचंय?" आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली. हे वाक्य तोंडातून काढताना तिला काय झालं असेल, ते तिचं तिलाच ठाऊक.

भोंगा तिथेच खाली बसली. नाक ओढत म्हणाली, "असा धरायचा नाही चुना. अजून घास." रागातसुद्धा दुकानाचं ज्ञान गप्प बसत नव्हतं. मग उठून आत गेली आणि तिने बॅग भरली. रात्रभर मायलेकी एका घरात दोन भिंतींकडे तोंडं करून पडल्या.

सकाळी मामा विटांची पहिली खेप घेऊन शहराकडे निघणार होता. भोंगा त्याच होडीत जाऊन बसली. पुढच्या टोकाला, विटांवर, घराकडे पाठ करून. जाताना फक्त एवढं म्हणाली, "मी आता लवकर यायची नाही. तू आणि तुझी भिंत बसा."

पहाटेच उठून चुना लावलेल्या पांढऱ्या भिंतीपाशी तांडेलीण कोपरापर्यंत भरलेल्या हातांनी उभी राहिली. सवयच ती. वाटलं, रागावली तर रागावली. रागावलेली पोर जगते. सहा महिन्यांनी येईल, वर्षाने येईल.

होडी निघाली. मामाने सुकाणू धरलं, आणि मान वळवून मागे बघितलं.

शपथ तोंडाला घातली होती, मानेला घालायची राहून गेली!

मामा पुढे बघायचा, परत मागे. परत पुढे, परत मागे. न बघून करतो काय, दोन्ही अंगांना वाळू. भोंग्याने एकदा घराकडे रागाने नजर टाकायला तोंड फिरवलं, तेव्हा तिला तो दिसला. ती त्याला काहीतरी विचारत होती. मामाने नुसतं डोकं हलवलं. आणि पुन्हा मागे बघितलं.

भोंगा विटांवर उभी राहिली. मामा बघत होता तिकडे तिने बघितलं. तिने हात उचलला, आधी वर झाडाकडे धरला, मग सरळ खाली भिंतीवर आणला. तिथे जरा थांबला हात. मग हळूच डावीकडे गेला, पंपघराकडे. आणि तिथून खाली पडला.

जिच्या रडण्याने एकेकाळी वस्ती जागी व्हायची, तिचा आवाज आला नाही. ती विटांवर बसली, एवढंच इथून दिसलं.

तांडेलीण उतारावरून पळत सुटली. शेतातून, बांधावरून, चिखलात, गुडघाभर पाण्यात. "अगं, आवडला होता मला तो रंग!" ती ओरडत होती. "भोंग्या, ऐक, तुझा काही दोष नाही! फार आवडला होता गं!" वारा समुद्राकडून होता. शब्द तिच्याच तोंडावर परत येत होते.

तेवढ्या चिंचोळ्या पाण्यात होडी वळवता येत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. मुखाबाहेर गेल्याशिवाय मामाला मागे फिरता येणार नव्हतं. तो आपला भिंतीकडे वळून वळून बघत पोरीला लांब लांब नेत राहिला.