एक घर सोडून

लोकांच्या खांद्यांची, कमरेची मापं मास्तरांना नुसत्या नजरेनं कळत. लेकीचं माप मात्र त्यांना कधी घेता आलं नाही, आणि हे त्यांना कळलं तेव्हा लेक दुसऱ्या गावी, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागून दोन वर्षं होत आली होती.

भांडणाचं कारण ऐकलं तर हसाल. शिवणकामाचे नमुने कॉम्प्युटरवर आखता येतात, असं तिचं म्हणणं. तिनं सुटे भाग मागवले, खोकी कापडाच्या टेबलाखाली रचली आणि आता आपण स्वतः जुळवू म्हणाली. मास्तरांना वाटलं, ही आपल्या खडूला आणि टेपला मोडीत काढायला निघाली. बायको असती तर तिनं दोघांना दोन खोल्यांत पाठवून विषय मिटवला असता. पण ती गेलेली, आणि मास्तरांच्या जिभेला लगाम उरला नव्हता. ते म्हणाले, "आधी माझं घर सोड, मग बस स्क्रू पिळत." तिनं सोडलं. बापाचीच लेक ती, एकदा ठरवलं की ठरवलं.

तेव्हापासून मास्तर त्या खोक्यांना पाय न लावता टेबलाशी उभे राहत. गिऱ्हाईक गेलं की दुकानात शिलाई मशिनचा आवाज तेवढा सोबतीला. तोही थांबला की त्यांना घर खायला उठायचं. लेकीला फोन करावा असं रोज वाटे. पण नुसतं 'चुकलो' म्हणायला जीभ वळायला हवी ना! शेवटी त्यांनी मनाशी तोड काढली. तिचा कॉम्प्युटर आपण जुळवायचा आणि सुरू झाला की सांगायचं, तुझं मशिन तयार आहे. पुढचं काय ते ती समजून घेईल.

जुळवणं जमलं. बारीक स्क्रू, बारीक तारा, सुईत दोरा ओवणाऱ्या हाताला त्यात काय अवघड? पण बटण दाबलं की पंखे फिरायचे, पडदा काळा ठिक्कर आणि आतला इवलासा भोंगा तीनदा टीं टीं टीं करायचा. सोबतच्या पुस्तकात चित्र होतं: तीनदा वाजलं तर मेमरीत घोटाळा. मेमरी म्हणजे बोटभर रुंदीच्या दोन पट्ट्या, आणि त्या बसवायला बोर्डावर ओळीनं चार खाचा.

मास्तर इरेला पेटले. पट्ट्या काढल्या, पुन्हा बसवल्या. सोनेरी कडा खोडरबरानं पुसल्या. एकच लावून पाहिली, मग दुसरी. डावीची उजवीकडे केली. भोंगा आपला टीं टीं टीं. "ओरड, ओरड," मास्तर त्याला म्हणाले, "या घरात बोलणारा तू एकटाच उरलायस." आणि रागानं बटण बंद केलं. पट्ट्या घेऊन ते बाजारातल्या दुकानात गेले. तिथल्या माणसानं त्या दुसऱ्या मशिनला लावून पाहिल्या आणि सांगितलं, पट्ट्या ठणठणीत आहेत, पेटी इथे आणून टाका, आम्ही बघतो. लेकीची पेटी परक्याच्या हातात द्यायची मास्तरांची तयारी नव्हती. त्यांनी हात टेकले. परत येऊन आपल्या दुकानाचं दार ओढून घेतलं आणि फोन उचलला.

बराच वेळ घंटी वाजली.

"मी बोलतोय," मास्तर म्हणाले.

"हो. नंबर आहे माझ्याकडे."

मास्तरांनी घसा साफ केला. "मशिन सुरू होत नाहीये."

"शिलाईचं?"

"तुझं."

मास्तरांनी फोन कानावर दाबून धरला. मग तिनं कामाच्या आवाजात विचारायला सुरुवात केली. भोंगा कितीदा वाजतो, कडा पुसल्या का, दोन्ही टोकांचे चिमटे खटकन बसतात का. मास्तर परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देत होते.

"पट्ट्या कुठल्या घरात बसवल्यात?" खाचांना ती घरं म्हणायची.

"पहिल्या आणि दुसऱ्या. आणि एकच लावली तेव्हा पहिल्या."

"वाटलंच मला. पहिलं बटण पहिल्या काजात."

तो धडा तिला त्यांनीच शिकवला होता. पहिलं काज चुकलं की शर्ट खालपर्यंत वाकडा.

"या बोर्डाला ते चालत नाही, बाबा," ती म्हणाली. "एक घर सोडून—"

आणि तिथेच थांबली. मास्तरही थांबले. आपलाच शब्द इतक्या लांबून परत आल्यावर माणसानं करावं काय? ते स्टुलावर बसले.

"ते मी बोलायला नको होतं," मास्तर म्हणाले. "तेव्हा."

 ती हळू आवाजात म्हणाली, "दुसऱ्यात आणि चौथ्यात लावा. मी आहे फोनवर."

मास्तरांनी पट्ट्या लावल्या, बटण दाबलं. पंखे फिरले. भोंगा गप्प. पडदाही काळाच. त्यांचा हात सवयीनं बटणाकडे गेला.

"बंद करू नका," ती म्हणाली. जसं काही समोर बसून बघत होती. "नव्या पट्ट्यांची ओळख करून घ्यायला त्याला पहिल्यांदा वेळ लागतो. बराच. नीट जमलं की भोंगा एकदाच वाजेल."

"तुला काम असेल."

"आहे. पण थांबते तोवर."

मग दोघं थांबले. तिच्या बाजूला कुणी खुर्ची सरकवली, कुणी काही विचारलं, तिनं त्याला नंतर म्हणून सांगितलं. मास्तर तिचा श्वास ऐकत बसले. तो ऐकता ऐकता काय काय विचारावंसं वाटलं. जेवतेस का वेळेवर, खोलीत उजेड येतो का. त्यांना एकही विचारता आलं नाही.

टीं. एकदाच. पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली.

मास्तर ती अक्षरं बघत राहिले. आता ती म्हणणार, झालं तर मग, ठेवू का?

"सुरू झाला का?" तिनं विचारलं.

"अजून नाही," मास्तर म्हणाले.

भोंग्याचा आवाज फोनमधून तिकडे गेलाच असणार. 

"बरं," ती म्हणाली. "थांबते मी."